डाव्या पानावरचं आउटपुट

नोव्हेंबर लागला की माझ्या टेबलावर रेकॉर्ड-वह्यांचे ढीग येतात. साठ मुलांच्या साठ वह्या. सगळ्यांना तपकिरी कव्हर, त्यावर प्लास्टिक, त्यावर नाव-नंबराची पांढरी पट्टी. चेन्नईत हे पावसाचे दिवस. हवेतल्या ओलीनं पानं एकमेकांना धरून बसतात, उलटताना जड लागतात. खोलीभर डिंकाचा आणि दमट पायमोज्यांचा वास असतो. प्रॅक्टिकल परीक्षा दहा दिवसांवर आलेली असते आणि प्रत्येकाला आजच्या आज सही हवी असते.

या वह्यांची एक रीत आहे. उजवं पान रेघांचं; त्यावर निळ्या शाईनं प्रोग्रॅम लिहायचा. डावं पान कोरं. त्यावर पेन्सिलीनं आउटपुट, म्हणजे प्रोग्रॅम चालवल्यावर पडद्यावर जे उमटलं ते. निदान तसं मानायचं. खरं म्हणजे ते उमटलेलं कुणी पाहिलेलं नसतं. वर्गातल्या एका वहीवर आधी सही होते, मग ती वही हातोहात फिरते आणि तिच्यातलं डावं पान बाकीच्या एकोणसाठ डाव्या पानांवर उतरतं. प्रोग्रॅम विचारतो, कितीपर्यंत बेरीज करू? डाव्या पानावर उत्तर असतं, पाच. कुणाचा पाढा लिहू? पाचचा. साठही वह्यांत पाच. मी शिकवायला लागल्यापासून सहा हा आकडा एकाही वहीत पाहिलेला नाही.

मी प्रत्येक पानाखाली सही करते, तारीख घालते. हात भरून आला की थांबते. अशा वेळी मला एक जुनी वही आठवते. ती आमच्या वर्गाची पहिली वही होती, बाकी सगळ्या तिच्यावरून उतरल्या होत्या. ती माझी होती.

मी औशाची. मराठी शाळेत शिकले. वडील एस.टी.च्या आगारात गाड्या धुवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बारावीला बरे गुण पडले तेव्हा चेन्नईजवळच्या आवडी या गावी राहणाऱ्या मामांनी वडिलांना फोन केला. मामा तिथल्या संरक्षण कारखान्यात फिटर. "पोरीला इकडं पाठवा, दाजी. इथं घरटी एक मुलगी इंजिनिअर होते, कुणाला त्याचं नवल वाटत नाही." वडिलांनी दोन दिवस घेतले. मग मला म्हणाले, "जा. पण पहिल्याच परीक्षेत एक जरी विषय राहिला, तर सामान बांधायचं." ते रागानं म्हणाले नव्हते. गाडी सुटायची वेळ सांगावी, तसं म्हणाले होते. निलंग्याचं एक स्थळ सांगून आलेलं होतं आणि त्या लोकांना थांबायला सांगितलेलं होतं, हे मला ठाऊक होतं.

कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला, तांबरमच्या पुढे. आवडीहून पहाटेची गाडी, मग सेंट्रलजवळ उतरून रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या स्टेशनातून तांबरमची गाडी धरायची. दोन तास जायला, दोन तास यायला. मामी उठून डबा करायची; दोन पोळ्या आणि दहीभात, भातावर लिंबाच्या लोणच्याची एक फोड. मी त्या डब्यालासुद्धा मनातल्या मनात धन्यवाद म्हणायची. त्या वर्षी मी सगळ्यांची आभारी होते. मामांची, मामीची, फॉर्म भरून देणाऱ्या क्लार्कची, खिडकीजवळ जागा देणाऱ्या बाईची. आभार मानायची इतकी सवय लागली होती की कुणी पायावर पाय दिला तरी तोंडातून 'थँक्यू' निघायचं.

लॅबबाहेर चपला काढाव्या लागायच्या. संगणकाला धूळ चालत नाही, असं सांगत. दाराशी ओल्या चपलांचा हा ढीग, आणि आत आम्ही गार फरशीवर अनवाणी, एसीचं वारं थेट पाठीवर. पहिल्या दिवशी मला ते देवळासारखं वाटलं. संगणकाला हात लावण्याआधी मी खरोखर नमस्कार केला. शेजारी कविता नावाची तांबरमचीच मुलगी बसली होती. ती फिसकन हसली.

"ए हिंदी, त्याच्या पाया पडून काय होणार? बटण दाब आधी."

"मी हिंदी नाही. मराठी आहे."

"एकच ते, डी. सेंट्रल स्टेशनच्या पलीकडचं सगळं हिंदीच."

'डी' म्हणजे तमिळमधलं 'अगं'. वर्षभर ती मला हिंदी म्हणत राहिली आणि वर्षभर माझ्या डब्यातलं लोणचं खात राहिली.

लॅबला इन्चार्ज मॅडम होत्या आणि त्यांच्या मदतीला एक लॅब इन्स्ट्रक्टर. त्यांना सगळे तमिळ चालीत राव सार म्हणत. पन्नाशीचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर गंधाची बारीक उभी रेघ. ते प्राध्यापक नव्हते. जुनी पदविका होती आणि दर वर्षी नेमणुकीचा नवा कागद मिळायचा. मी एकदा पडद्याकडे बघत बोटांवर फेऱ्या मोजत होते, एक, दोन, तीन, आणि पाठीमागून आवाज आला, "काय करूलालीस, पोरी?"

काय करते आहेस, असं ते विचारत होते. शब्द माझे होते, चाल तमिळ होती. एखादं जुनं पत्र कुणीतरी मोठ्यानं वाचावं, तसं वाटलं. मी वळून बघतच राहिले. मग कळलं की त्यांचं घराणं तंजावरकडचं, किती पिढ्यांपूर्वी आलेलं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. घरात हीच भाषा. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"तिकडे सगळेच आपलं बोलतात म्हणे?" त्यांनी विचारलं. "बाजारांतही? बसमध्येंही?"

"हो सर."

"अय्यो. मग घरचं गुपित बोलायचं कुठें?"

फेऱ्या म्हणजे लूप मला त्यांनी शिकवल्या. मॅडमनी फळ्यावर शिकवलेलं मी उतरवून घेतलं होतं, पण उतरवून घेणं आणि कळणं यांत किती अंतर असतं, ते इंग्रजी माध्यमात पहिल्यांदा बसलेल्या मुलीला विचारावं. सरांनी एका वापरलेल्या कागदाच्या मागे रकाने आखले, ड्रॉवरमधून मूठभर चिंचोके काढले. प्रत्येक फेरीला एक चिंचोका इकडून तिकडे. प्रत्येक फेरीनंतर रकान्यात बेरीज लिहायची, आधीची खोडायची नाही. "यंत्राला घाई नाहीं," ते म्हणायचे, "तुला कां आहे?" तासाभरानं सगळे चिंचोके पलीकडे गेले होते, कागद भरला होता, आणि मला एक गोष्ट अशी कळली होती की ती पुन्हा कुणाला विचारावी लागणार नव्हती. शाळेत बारा वर्षं काढूनही असं फार थोड्या वेळा झालं होतं.

त्या सत्रात दहा प्रोग्रॅम होते. सातवा असा: वापरणाऱ्याला मुलांचे गुण विचारत राहायचं, एकामागून एक, त्यानं उणे एक टाकलं की थांबायचं आणि सरासरी सांगायची. फेऱ्याही आल्या आणि बाहेरच्या माणसानं दिलेली माहितीही आली. मी लिहिला. साठ, सत्तर, ऐंशी, उणे एक. सरासरी सत्तर. मी सरांना बोलावलं. त्यांनी आकडा टाकलाच नाही. एक अक्षर दाबलं आणि एंटर.

पडदा सुटला. 'एंटर मार्क, एंटर मार्क, एंटर मार्क', वरून खाली, खालून वर, थांबेचना. यंत्र आकड्याची वाट पाहत होतं. अक्षर आलं, ते त्यानं उचललं नाही, उंबऱ्यावरच राहू दिलं. पुढच्या फेरीत पुन्हा तेच अक्षर समोर, पुन्हा उचललं नाही. आणि दर फेरीला विचारत मात्र राहिलं. मी घाबरून खुर्चीवरून उठले. मला वाटलं, संगणक गेला. आता मामांना बोलावणार.

सर हसत होते. "वापरणारा कोण, पोरी? तूं न्हवे. तुझ्या मनांतलं त्याला काय ठाऊक? तो अक्षर टाकेल, रिकामं सोडेल, डबा ठेवेल कळांवर. त्याला विचारलंस तर त्यानं काय दिलं तें बघायला हवं कीं नको?"

मग त्यांनी दाखवलं. यंत्राला विचारायचं, आकडा खरंच हाती पडला का? नसेल तर ते अक्षर उचलून फेकायचं आणि माणसाला नीट सांगायचं, पुन्हा द्या. चार ओळींचं काम. मी त्या ओळी लिहिल्या आणि पुढची पंधरा मिनिटं वाटेल ते दाबून पाहिलं. काही केल्या पडदा सुटत नव्हता. कवितानं वाकून दोन्ही तळहात कीबोर्डच्या कळांवर आपटले. पडद्यावर शांतपणे आलं, आकडा द्या.

"बापरे, हिंदी," ती म्हणाली, "हा तर माझ्या आजीपेक्षा सोशिक झाला."

तांबरमवरून हवाई दलाची शिकाऊ विमानं फिरत असायची. त्या दिवशी त्यांचा आवाजही मला आपला वाटला.

माझं अक्षर चांगलं होतं. औशाच्या शाळेत त्याला बक्षीस मिळालेलं. म्हणून मॅडमनी वर्गाची पहिली वही माझी ठरवली. मी सातवा प्रोग्रॅम त्या चार ओळींसकट लिहिला, डाव्या पानावर अक्षर टाकल्यावर काय होतं तेही पेन्सिलीनं लिहिलं. मॅडमनी ते पान पाहिलं आणि चार ओळींवरून लाल रेघ ओढली. डाव्या पानावरूनही.

"हे कुठून आलं?"

"राव सरांनी सांगितलं, मॅडम."

"ते बरोबर असेल. पण गेल्या वर्षीच्या रेकॉर्डमध्ये नाही. साठ मुलं हे कॉपी करणार, निम्मी चुकणार, बाहेरचे परीक्षक गोंधळणार. रेकॉर्डप्रमाणे लिही."

मॅडम वाईट नव्हत्या, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. माझं इंग्रजी कच्चं म्हणून त्यांनी स्वतःचं जुनं पुस्तक मला दिलं होतं, शब्दांचे अर्थ पेन्सिलीनं समासात लिहिलेलं. तीन वर्गांचं काम एकट्या ओढत होत्या, आणि दुपारी घरून फोन आला की बाहेर जाऊन हळू आवाजात आजारी मुलाशी बोलायच्या. मी त्यांचीही आभारी होते. मी ते पान काढलं, घडी घालून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, नवं पान चिकटवलं आणि रेकॉर्डप्रमाणे लिहिलं. साठ, सत्तर, ऐंशी, उणे एक. मॅडमनी सही केली. वही वर्गात फिरली. सरांना मी काही सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल, असं स्वतःला सांगितलं. खरं तर ते विचारतील, 'तूं कां काढलंस?', याची मला भीती होती.

परीक्षेला बाहेरून एक सडसडीत गृहस्थ आले होते. टेबलावर चिठ्ठ्या उपड्या ठेवल्या होत्या. उचलायची, नंबर वाचायचा, तो प्रोग्रॅम लिहून चालवून दाखवायचा. आमच्या तुकडीत पाचजणींना सातवा आला. मला आला. कवितालाही आला. मी लिहिताना एकदा थांबले. त्या चार ओळी मला झोपेत येत होत्या. पण वहीत नव्हत्या, आणि तपासणीसाठी वही समोर उघडी होती, सहीसकट. मी रेकॉर्डप्रमाणे लिहिला.

परीक्षक माझ्याजवळ आले. साठ टाकलं. सत्तर टाकलं. मग खिशातलं पेन काढून त्याच्या टोकानं एक अक्षर दाबलं.

पडदा सुटला. ते पुढच्या मुलीकडे गेले. तिचाही सुटला. पाचही पडदे एकदम धावत होते. भिंतीपाशी मॅडम उभ्या होत्या, दारापाशी राव सर. सरांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चिंचोका चुकीच्या रकान्यात गेला की ते जसे थांबायचे, तसे थांबले होते.

परीक्षकांनी पाचहीजणींचे गुण रोखून धरले आणि लेखी कळवलं की मुलांनी न समजता उतरवलं आहे, शिकवणाऱ्यांनी न तपासता सह्या केल्या आहेत. कॉलेजची धावपळ उडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा पाचजणींना ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. 'सातवा प्रोग्रॅम आम्हांस लॅब इन्स्ट्रक्टर यांनी याच स्वरूपात दिला.' खाली पाच रेघा. सह्या झाल्या की पुन्हा परीक्षेची परवानगी मागता येईल, असं हेडक्लार्क म्हणाले. सह्या झाल्या नाहीत तर विषय राहिला. मॅडम खिडकीशी होत्या, आमच्याकडे पाठ करून.

"कर ना," कविता कानाशी म्हणाली. "राव सार मोठे आहेत, त्यांना काय होणार? फार तर ओरडतील. आपलं वर्ष जाईल, डी."

"पण त्यांनी तर—"

"मला माहितेय. मी हात आपटले होते ना कळांवर? पण ते लिहायला जागा आहे का या कागदावर?"

पहिली रेघ माझ्यासाठी होती, कारण पहिली वही माझी होती. घडी घातलेलं पान पिशवीत होतं, लाल रेघेसकट. हात घातला असता तर निघालं असतं. मी सही केली. माझं अक्षर तिथेही चांगलंच आलं.

संध्याकाळी क्वार्टरच्या गच्चीवर मामा कपडे काढत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते दोरीवरचे चिमटे एकेक करून खिशात टाकत राहिले.

"सही केलीस ना?"

"केली."

"मग झालं. हे बघ, आपण परगावी आहोत. मी वीस वर्षं कारखान्यात आहे, मान खाली घालून आहे. तू आधी पदवी घे. मान वर करायला नंतर आयुष्य पडलंय."

मामांनी माझ्या भल्यासाठीच सांगितलं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच सांगितलं, आणि म्हणूनच त्यांच्यापैकी कुणाला नाही म्हणायला मी शिकले नाही. उपकार मानणारी मुलं चांगली असतात, असं आपण म्हणतो. ती सोयीची असतात. त्यांच्यापुढे कागद ठेवला की ती आधी बघतात, कुणाच्या हातून आला आहे. कागदावर काय लिहिलं आहे, ते नंतर.

पुन्हा परीक्षा झाली. मी पास झाले. निलंग्याच्या लोकांना नाही कळवण्यात आलं. वडिलांनी गुणपत्रिका आगारातल्या सगळ्यांना दाखवली. त्यांच्या बोटांचा ओलसर ठसा तिच्या कोपऱ्यावर अजून आहे.

डिसेंबरभर सर लॅबमध्ये होते. मी दूरचा संगणक धरायची. एकदा मी पाणी प्यायला गेले तेव्हा सर समोर आले आणि नेहमीसारखं म्हणाले, "जेवलीस का, पोरी?" मी हो म्हटलं. एवढंच. जानेवारीत नवं सत्र सुरू झालं आणि त्यांच्या जागी दुसरे इन्स्ट्रक्टर होते, तरुण, पायात मोजे घालणारे. नेमणुकीचा नवा कागद सरांना मिळाला नाही, असं शिपायानं सांगितलं. कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

आता मी स्वतः पहिल्या वर्षाला शिकवते, दुसऱ्या कॉलेजात. लॅबबाहेर चपला अजून काढाव्या लागतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मुलांच्या मागे उभी राहून अक्षर दाबायची. पडदे सुटायचे. मुलं वैतागायची. "मॅम, असं कोण टाकतं? वहीत पाच आहे." विभागप्रमुखांनी एकदा बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, "तुमची तळमळ कळते. पण दहा प्रोग्रॅम संपायला हवेत ना? बाहेरचे परीक्षक हल्ली असलं काही करत नाहीत." ते खरं होतं. तिसऱ्या वर्षापासून मीही दाबणं सोडलं. कधी एखाद्या वहीत एखादी जादा ओळ दिसते, कुठून तरी शिकलेली. माझ्या हातात लाल पेन असतं. मी रेघ ओढत नाही. पण पहिली वही म्हणून ती निवडतही नाही. एवढाच माझा धीर.

या वर्षी वह्या यायच्या आठवडाभर आधी कविताचा फोन आला. लग्नानंतर ती एन्नोरला असते, नवरा तिथल्या बंदरात कामाला. "ए हिंदी, राव सार भेटले मला. मुलाकडे राहतात, आमच्या मागच्या गल्लीत. तुझी चौकशी करत होते, डी." इतक्या वर्षांत मी त्यांना शोधलं नव्हतं. शोधलं असतं तर सापडले असते. रविवारी मी गाडीनं एन्नोरला गेले. जाताना वाक्यं जुळवत होते. सर, मला माफ करा. सर, माझ्याकडे ते पान होतं. 

त्यांच्या मुलाचं घर औष्णिक वीजकेंद्राच्या बाजूला. व्हरांड्याच्या कठड्यावर राखेचा पातळ थर, सून ओल्या फडक्यानं पुसत होती. पुसलेल्या जागेवर पुन्हा राख बसायला किती वेळ लागतो ते तिला ठाऊक असावं, कारण ती घाई करत नव्हती. सर थकले होते. पण ओळखलं लगेच. "प्रोफेसर झालीस म्हणे! बस, बस. कॉफी घे." त्यांनी औशाची चौकशी केली, वडिलांची केली, किती मुलं शिकतात ते विचारलं. मी कॉफीचा टंबलर दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"सर, त्या वेळच्या कागदावर माझी सही होती."

"ठाऊक आहे. दाखवला मला. पहिलीच तुझी." ते सहज म्हणाले. "पांच पोरी, समोर मोठी माणसं, वर्ष जायचं भय. सही करतीलच. त्याचं काय घेऊन बसलीस?"

"तुम्ही काही बोलला नाहीत, सर?"

"बोललों कीं. प्राचार्यांना म्हटलं, सह्या राहूं देत. त्या आपल्या मराठी पोरीला येकटीला बोलवा आणि विचारा, मीं काय शिकवलं होतं. ती खोटं सांगायची नाहीं." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "आणि लॅबमध्यें जाऊन बसलों. तीन-चार दिवस वाट पाहिली. मग समजलों, त्यांनीं तुला विचारलंच नाहीं. विचारायचं नव्हतंच त्यांना." मग माझ्याकडे वळून, खात्री करून घ्यावी तसं म्हणाले, "नाहीं ना विचारलं?"

वर हा प्रसंग लिहिताना मी ऑफिसात एकदाच गेल्यासारखं लिहिलं आहे. तसं नाही. सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मला एकटीला पुन्हा बोलावलं होतं. प्राचार्यांनी चष्मा काढून ठेवला आणि मला इंग्रजी कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून विचारलं, "या माणसानं तुला यापेक्षा वेगळं काही शिकवलं होतं का?" खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कागद नव्हता, रेघ नव्हती, कविता नव्हती. पिशवी माझ्या मांडीवर होती. त्यांनी घाईही केली नाही. मला वाटतं, मी काहीतरी सांगावं म्हणून ते थांबले होते. मी म्हटलं, नो सर. आणि उठताना सवयीनं म्हटलं, थँक्यू सर.

"नाहीं ना विचारलं?" सर पुन्हा म्हणाले.

"नाही सर," मी म्हटलं. "विचारलं नाही."

त्यांनी मान हलवली. चेहरा इतका मोकळा झाला की मला बघवेना. आत वळून सुनेला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? मीं म्हणत होतों न्हवे? हिला विचारलंच नव्हतं त्यांनीं!" मग मला आग्रह करून दुसरी कॉफी दिली, आणि मी ती प्यायले.

परतीच्या गाडीत मी ठरवलं, लिहायचं. सगळं, जसं घडलं तसं. आता लिहून झालं आहे, आणि कागद पुढे ठेवून बघते तर ते मी मराठीत लिहिलं आहे. इंग्रजीत लिहू शकले असते. मोडकंतोडकं तमिळही येतं. सर मराठी फक्त बोलतात. त्यांना ती वाचता येत नाही. शाळेत अक्षरं तमिळची शिकले, घरात मराठी कुणी लिहीत नव्हतं. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.